वय : नोंदवलेले आणि झालेले

शाळेच्या कपाटात तळाशी पडलेले जुने दाखल-खारीज रजिस्टर एकदा बाहेर काढावे. साधारण १९५० ते १९८० या काळातली पाने उघडावीत आणि जन्मतारखेच्या रकान्यावरून नुसते बोट फिरवत खाली यावे. १ जुलै, १ जून, १ जुलै, १ जुलै, मध्येच एखादी १६ तारीख, पुन्हा १ जुलै. अमरावती-अकोल्याकडच्या खेड्यांतील शिक्षकांना हे दृश्य नवे नाही, आणि बाकीच्या महाराष्ट्रातील शिक्षकांनाही नसावे. मुले वर्षभर जन्मतात. मग रजिस्टरात ती दोन-तीनच दिवशी कशी जन्मली?

उत्तर आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मूल शाळेत घालायला बाप येई. वय किती, या प्रश्नाला "सा वर्साचा असन, गुरुजी" एवढेच उत्तर मिळे. मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाती आला की मूल सहा वर्षांचे झाले असे समजून नाव दाखल होई. ही परीक्षा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या साधारण एक चतुर्थांश असते. प्रौढ माणसात ते उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतके भरते. बालपणात हातपाय डोक्यापेक्षा झपाट्याने वाढतात आणि सहा-सात वर्षांच्या सुमारास हात पलीकडच्या कानापर्यंत पोचू लागतो. म्हणजे गुरुजी मुलाच्या शरीरालाच त्याचे वय विचारत होते. उपाशीपोटी वाढलेल्या मुलाचा हात उशिरा पोचतो आणि रजिस्टरात ते एखाद्या वर्षाने लहान होऊन बसते, ही या परीक्षेतली मेख.

शरीराने दिलेले उत्तर ढोबळ असते. रजिस्टराला मात्र तारीख लागते. १ जून ही शाळेचे वर्ष डोळ्यांपुढे ठेवून घातलेली सोयीची तारीख. १ जुलैमागे थोडे गणित आहे. सरकारी नोकरीच्या नियमांनुसार जन्माचे वर्ष माहीत आहे पण महिना नाही, तर १ जुलै धरतात. वर्ष आणि महिना माहीत आहेत पण दिवस नाही, तर १६ तारीख धरतात. एक वर्षाचा मध्य, दुसरा महिन्याचा. वर्षाचा मध्य धरला की चूक झाली तरी ती सहा महिन्यांपलीकडे जात नाही. १ जानेवारी धरली असती तर ती जवळजवळ वर्षभराची झाली असती.

अशा रीतीने घातलेल्या तारखेवर पुढे त्या मुलाची नोकरी लागली, लग्न ठरले आणि तो शिक्षक झाला असेल तर ५८ व्या वर्षी निवृत्तीही झाली. कागदावरचे वय आणि शरीराचे वय यांची ही गाठ आज इतकी पक्की वाटते की ती कधी बसली असा प्रश्नच पडत नाही. वऱ्हाडापुरते बोलायचे तर ती गेल्या दीडशे वर्षांत बसली आहे.

मानमोडीच्या साली जन्मलेले

त्यापूर्वी लोकांना आपले वय माहीत नव्हते असे नाही. ते वेगळ्या भाषेत माहीत होते. "मोठ्या दुष्काळात मी अंगावर पीत होतो", "मानमोडीच्या साली माझं लग्न झालं", "शकुंतला पहिल्यांदा अचलपूरला आली तेव्हा मी गुरं राखत होतो." यातला मोठा दुष्काळ १८९९-१९०० चा, मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आणि मूर्तिजापूर-अचलपूर रेल्वे सुरू झाली ती १९१३ साली. अकोल्याकडचा माणूस दहीहांड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाची खूण सांगेल. ते १९३० साली झाले. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या पाण्यापासून तिथे मीठ तयार केले होते. पुढे जनगणना करणाऱ्या प्रगणकांना अशा स्थानिक घटनांच्या याद्या देण्याची पद्धतच पडली. घटना विचारायची आणि वर्ष काढायचे. शाळेतल्या मुलांना आजीच्या वयाचा शोध अशा रीतीने घ्यायला सांगून पाहावे. इतिहासाचा आणि वजाबाकीचा अभ्यास एकदमच होतो.

ज्यांच्या घरी जोशी येऊन पत्रिका मांडत त्यांची गोष्ट निराळी. अमरावतीचे वकील आणि लोकमान्यांचे सहकारी दादासाहेब खापर्डे (१८५४-१९३८) यांनी अनेक वर्षे रोजनिशी लिहिली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. स्वतःचे म्हातारपण दिवसागणिक लिहून ठेवायला लेखणी, फुरसत आणि तारखांची सवय तिन्ही लागतात. शेतमजुराकडे सण असत. संत गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा, एका गरीब परीट कुटुंबातला. त्यांची जन्मतारीख २३ फेब्रुवारी १८७६ अशी दिली जाते. ती महाशिवरात्र होती, आणि म्हणूनच ती लक्षात राहिली असावी. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे वय चंद्राने मोजण्याचीही रीत आहे. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचे सहस्रचंद्रदर्शन करतात. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, म्हणजे हजार पौर्णिमांना २९,५३० दिवस किंवा सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात. गाडगेबाबांचे आयुष्य वरील तारखांप्रमाणे २९,५२० दिवसांचे भरते. त्यांच्या जन्मानंतरची पहिली पौर्णिमा १० मार्च १८७६ च्या सुमारास येते, आणि तिथून मोजत गेले तर हजारावी पौर्णिमा १७ डिसेंबर १९५६ च्या आसपास, निधनाच्या साधारण तीन दिवस आधी. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात गूढ काही नाही. पण नववी-दहावीच्या मुलांना हा हिशेब घालावा असा आहे.

शिरगणती आणि गोल आकडे

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. इंग्रज सरकारने १८६७ साली इथे पहिली शिरगणती केली. पुढची १८८१ साली सबंध हिंदुस्थानाबरोबर झाली, आणि तिचा वऱ्हाडचा अहवाल युस्टेस किट्स या अधिकाऱ्याने लिहिला. आता प्रत्येक माणसाला वय विचारले जाऊ लागले आणि प्रत्येकाने काही तरी सांगितले. त्या काळच्या शिरगणत्यांतली वये मांडून पाहिली तर एक गंमत दिसते. वीस, तीस, चाळीस, पन्नास या वयांची माणसे भरमसाट. पंचवीस, पस्तीसची बरीच. एकोणतीस किंवा एकतीसची अगदी थोडी. लोक गोल आकडा सांगत, किंवा प्रगणकच चेहरा पाहून तो लिहून टाकी.

ही खोट मोजण्याची एक सोपी रीत आहे. जॉर्ज व्हिपल या अमेरिकन आरोग्यतज्ज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. २३ ते ६२ या वयांची सर्व माणसे मोजायची. त्यांतली ज्यांचे वय शून्य किंवा पाच या अंकाने संपते अशी वेगळी मोजायची. या दुसऱ्या आकड्याला पाचने गुणून पहिल्याने भागायचे आणि शंभराने गुणायचे. सगळ्यांनी खरे वय सांगितले तर उत्तर शंभराच्या जवळ येते. सगळ्यांनीच गोल आकडे सांगितले तर पाचशे येते. गावातल्या जुन्या मतदार यादीवर हा प्रयोग जरूर करून पाहावा.

अशा खडबडीत आकड्यांवरून हिंदुस्थानाचे आयुर्मान काढण्याचे काम जी. एफ. हार्डी या विमागणितज्ञाकडे आले. त्याने आकडे घासूनपुसून गुळगुळीत केले आणि आयुर्मानाची कोष्टके बांधली. पुढे किंग्जली डेव्हिस या समाजशास्त्रज्ञाने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दशकवार अंदाज दिले. १८८१-९१ मध्ये सुमारे २५ वर्षे, १९०१-११ मध्ये २२.९, आणि प्लेग, दुष्काळ व मानमोडी यांनी ग्रासलेल्या १९११-२१ या दशकात अवघी २०.१ वर्षे. या आकड्यांकडे आपण पुन्हा येऊ.

दरम्यान वऱ्हाडातल्या गावोगाव जन्ममृत्यूची नोंद सुरू झाली होती. पाटील आणि कोतवाल यांच्याकडून खबर वर जाई आणि वहीत उतरे. तीच ती विदर्भातल्या तहसील कचेऱ्यांत आजही शोधली जाणारी कोतवाल बुके. जातपडताळणीसाठी त्यांची नक्कल काढायला लोक खेटे घालतात. या वह्यांत तारीख असते, बापाचे नाव असते, जात असते आणि 'मुलगा झाला' किंवा 'मुलगी झाली' एवढे असते. बाळाचे नाव बहुधा नसते, कारण खबर दिली तेव्हा बारसे व्हायचे असे. पाच भावंडांपैकी ही नोंद कोणाची, हे मग पुढच्या पिढीने सिद्ध करत बसायचे.

तरीही त्या काळच्या मानाने वऱ्हाडची नोंदणी बरी समजली जाते. टिम डायसन या ब्रिटिश लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९८९ साली १८८१ ते १९८० अशा शंभर वर्षांतील वऱ्हाडच्या लोकसंख्येचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतक्या लांब पल्ल्याचा हिशेब मांडता यावा असे प्रदेश देशात फार नव्हते. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती. १९०१ साली ती २७,५४,०१६ भरली. दहा वर्षांत वाढण्याऐवजी सुमारे पाच टक्क्यांनी घटली. मधे दोन दुष्काळ होऊन गेले होते. दुष्काळात सर्वांत जास्त बळी पडतात ती तान्ही मुले आणि म्हातारी माणसे. शिवाय उपासमारीत गर्भधारणा कमी होते, त्यामुळे पुढच्या वर्षी जन्मही कमी होतात. लोकसंख्येच्या मनोऱ्याला तळाशी अशी एक खाच पडते. आणि मग ती खाच दर शिरगणतीत दहा वर्षांनी वर सरकत जाते, जणू नसलेल्या मुलांचेही वय वाढत असते.

आकड्याचे महत्त्व कायद्यानेही वाढवले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारा केली. १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नासाठी मुलीला चौदा आणि मुलाला अठरा वर्षे घातली. तो १ एप्रिल १९३० पासून लागू होणार म्हटल्यावर देशभर त्याआधीच लग्ने उरकण्याची घाई झाली, आणि तिचा ठसा १९३१ च्या जनगणनेत उमटला. 'मुलगी शहाणी झाली' हे शरीराचे मोजमाप होते. त्याच्या जागी कागदावरचा आकडा यायचा होता, आणि कागद तर कोणाकडेच नव्हता.

तेविसाव्या वर्षी म्हातारे?

आता त्या आयुर्मानाच्या आकड्यांकडे. सरासरी आयुष्य तेवीस वर्षांचे होते हे वाचून वर्गातली मुले हमखास विचारतात, म्हणजे तेव्हा तेविसाव्या वर्षी माणसे म्हातारी होत का? दुर्दैवाने काही पुस्तकेही तसा समज करून देतात.

दहा बाळे जन्मली असे समजा. त्यांतली पाच साधारण वर्षाची होऊन गेली. उरलेल्यांपैकी एक बाळंतपणात पंचविसाव्या वर्षी, एक पस्तिसाव्या वर्षी पटकीने, एक पंचेचाळिसाव्या आणि एक पंचावन्नाव्या वर्षी गेला, आणि एक आजी पंचाहत्तर वर्षे जगली. बेरीज २४०, सरासरी २४. पण या दहा जणांत चोविसाव्या वर्षी गेलेले एकही नाही, आणि म्हातारपण पाहिलेली आजी आहेच. खापर्डे चौऱ्याऐंशीच्या उंबरठ्यावर पोचले, गाडगेबाबा ऐंशी ओलांडून गेले, ते याच वऱ्हाडात आणि याच सरासरीच्या काळात. आज भारताचे सरासरी आयुर्मान सत्तरच्या घरात आहे. ते मुख्यतः बाळे जगू लागल्याने आणि तरुणपणीचे मृत्यू टळल्याने वाढले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले ९.९ टक्के होते. म्हातारपण आले नाही. म्हातारपणापर्यंत पोचणारे वाढले. आणि मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर बाळे दगावतात, तेव्हा तिथली सरासरी आजही त्याच जुन्या कारणाने खाली येते.

मग वय होणे म्हणजे नेमके काय? १८२५ साली बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाने विम्याच्या कोष्टकांवरून एक नियम काढला. प्रौढपणी मरणाची शक्यता वयाबरोबर गुणाकाराने वाढते. माणसात ती साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते. तिसाव्या वर्षाच्या मानाने सत्तराव्या वर्षी ती दोनाची पाच वेळा दुप्पट, म्हणजे बत्तीसपट होते. जीवशास्त्रज्ञ वार्धक्य म्हणतात ते याला. किती वर्षे झाली याला नव्हे, तर शरीराची दुरुस्ती झिजेपुढे कमी पडत जाणे याला.

ही दुरुस्ती निसर्गाने चोख का ठेवली नाही? पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने १९५१ साली लंडनमधील व्याख्यानात याचे उत्तर सुचवले. दुष्काळ, रोगराई, हिंस्र पशू यांनी भरलेल्या जगात फार थोडे जीव उतारवयापर्यंत पोचतात. म्हणून उतारवयातच त्रास देणारे दोष नैसर्गिक निवडीच्या चाळणीत अडकत नाहीत. तोवर अपत्ये होऊन गेलेली असतात. १९५७ मध्ये जॉर्ज विल्यम्सने पुढे म्हटले की, काही जनुके तरुणपणी फायद्याची आणि म्हातारपणी तोट्याची असतात, ती तर टिकून राहणारच.

आयुष्याची लांबी अशी निवडीने बदलते याचे उदाहरण वऱ्हाडात शेताच्या बांधावर उभे आहे. कापूस हे मुळात अनेक वर्षे जगणारे झुडूप आहे. परसातला देवकापूस वर्षानुवर्षे बोंडे देतो. माणसाने शतकानुशतके लवकर फुलणारी, लवकर फुटणारी झाडे निवडली आणि कापूस हंगामी पीक झाला. तरी पऱ्हाटी उपटली नाही आणि पाणी दिले तर ती पुन्हा पालवते आणि बोंडे धरते. शेतकरी याला फरदड म्हणतात. गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो म्हणून कृषी खाते फरदड घेऊ नका असे सांगते, आणि ते योग्यच आहे. पण हंगाम संपला म्हणजे झाडाचे आयुष्य संपले असे नाही, हे फरदडीवरून कळते.

दोन साथी

झाले तेवढे वय शरीराला नेहमी तोट्याचेच असते असेही नाही. १९१८ च्या शरद ऋतूतली मानमोडी मध्य प्रांत व वऱ्हाडात देशातल्या सर्वांत भीषण थैमानांपैकी एक घालून गेली. तिने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे उचलली, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका अधिक. गर्भवतींचे हाल सर्वांत वाईट. त्या मानाने म्हातारी माणसे वाचली. याची कारणे अजून वादात आहेत. एक मत असे की, वृद्धांच्या लहानपणी याच धर्तीचा विषाणू फिरून गेला असावा आणि त्यांच्या शरीराला त्याची ओळख असावी. रोगप्रतिकार यंत्रणेला आठवण असते, आणि आठवणीसाठी वय लागते.

शंभर वर्षांनी कोविड आला तेव्हा चित्र उलटे होते. २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातली दुसरी लाट सुरुवातीला जिथे दिसली त्यांत अमरावती आणि अकोला होते. अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी लावावी लागली. हा विषाणू कोणाच्याच ओळखीचा नव्हता. जुनी आठवण कामाची नव्हती, नवी शिकावी लागणार होती. नव्या शत्रूशी लढणाऱ्या टी-पेशी यौवनलोपी ग्रंथीत, म्हणजेच थायमसमध्ये, तयार होतात. मराठी नाव मोठे समर्पक आहे. छातीतली ही ग्रंथी तारुण्यात येतानाच आकसू लागते आणि उतारवयात तिच्या जागी बहुतांशी चरबी उरते. म्हाताऱ्या माणसांचे मृत्यू जास्त झाले त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

शरीर खरे की दाखला?

गुरुजींच्या कानाच्या परीक्षेला आज कितीतरी आधुनिक भावंडे आहेत. मनगटाचे क्ष-किरण छायाचित्र काढून हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या भरल्या की नाहीत ते पाहतात. त्यावरून मुलाचे वय ठरवता येते, पण थोडे मागेपुढे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एका निकालात ही चूक दोन्ही बाजूंनी दोन-दोन वर्षांची धरावी असे म्हटले. वाढ पुरी झाली की हाडे या बाबतीत मुकी होतात. २०१३ साली स्टीव्ह होरवाथ याने डीएनएवरील रासायनिक खुणांवरून वय सांगणारे 'घड्याळ' मांडले. ते प्रौढांचेही वय बऱ्यापैकी अचूक सांगते. काही जणांचे घड्याळ त्यांच्या जन्मतारखेच्या पुढे चालते, आणि संशोधकांना खरा रस या फरकातच आहे. एकाच १ जुलैला 'जन्मलेल्या' दोन निवृत्त शिक्षकांपैकी एक अजून शेतात जातो आणि दुसऱ्याला जिना चढवत नाही, हे आपण पाहतोच.

कायद्याने मात्र आपली बाजू ठरवली आहे. गुन्ह्याच्या प्रकरणात आरोपी अठराच्या आतला आहे की बाहेरचा, यावर त्याचे सारे पुढचे आयुष्य अवलंबून असते. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ९४ व्या कलमानुसार अशा वेळी पहिला मान शाळेच्या दाखल्याला किंवा शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्राला आहे. ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. म्हणजे कधीकाळी हात कानाला लावून गुरुजींनी घातलेली तारीख क्ष-किरणांच्या वरचढ ठरते.

जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा १९६९ सालचा. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरायचा आहे. ही मुले २०३० च्या सुमारास पहिलीत येतील. मेळघाटात घरीच बाळंत झालेल्या आईच्या मुलाचा जन्म वेळेत नोंदला गेला असेल, तर त्याच्या गुरुजींना त्याला कान धरायला सांगावे लागणार नाही.